मॅन्कोझेब मारूनही बटाट्यावर करपा का आला?

तुम्ही विचारलंय की बेळगावजवळच्या कडोलीच्या शिवारात बटाट्यावर डाग दिसल्याबरोबर एम-४५ हे बुरशीनाशक आणून दोनदा मारलं, तरी करपा पसरतोच आहे. मग पुडी डुप्लिकेट आहे का, आणि आता डोस दुप्पट केला तर चालेल का?

डोस दुप्पट करू नका. पुडीवर संशय घ्यायच्या आधी तारखा बघा. तुमच्याच लिहिण्यावरून डाग आधी आणि औषध नंतर. एम-४५ म्हणजे मॅन्कोझेब ७५ टक्के, आणि ते स्पर्शजन्य बुरशीनाशक आहे. पानाच्या आत शिरत नाही, वर नुसतं बसून राहतं. बुरशीचा बीजाणू पानावर पडून ओलाव्यात रुजायला लागला की तिथल्या तिथं त्याला मारायचं, एवढंच त्याचं काम. बुरशी एकदा आत घुसली की वरच्या थराचा तिला काही त्रास नाही. चिंब भिजल्यावर डोक्यावर इरलं घेण्यातला प्रकार. डाग डोळ्याला दिसतो तोवर बुरशीला आत जाऊन काही दिवस झालेले असतात, आणि आज निरोगी दिसणाऱ्या कितीतरी पानांतही ती पोचलेली असते. म्हणून दोन फवारण्या होऊनही डाग वाढताना दिसतात.

आपल्याकडं बटाटा मिरगाच्या मागं-पुढं लागतो. तरणा पाऊस (पुनर्वसू) सरून म्हातारा (पुष्य) लागला की झाडं सरीभर पसरलेली असतात, खाली वारं खेळत नाही, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. उशिरा येणाऱ्या करप्याला हेच हवं असतं: १५ ते २० अंशांच्या आसपासचा गारवा, ९० टक्क्यांच्या वर दमटपणा आणि तासन्‌तास ओलं राहिलेलं पान. मैदानी मुलखात हा रोग थंडीत येतो, आपल्या पश्चिम पट्ट्यात भर पावसाळ्यात. आयर्लंडात १८४५ पासून बटाट्याचं पीक बसलं आणि दुष्काळ पडला, तो याच बुरशीमुळं. कुफरी ज्योती ही जात १९६८ ला आली तेव्हा ती या करप्याला दाद देत नव्हती. आता देते, त्यामुळं जातीच्या भरवशावर राहू नका.

तेव्हा पहिली फवारणी डाग बघून नाही, आभाळ बघून करायची. झाडं एकमेकांना भिडायला लागली आणि झड लागायची चिन्हं दिसली की उघडीप साधून मारा. औषध पानावर वाळायला दोन-तीन तास मिळाले तर ते बऱ्यापैकी धरून राहतं. ओलं असतानाच सर आली तर पैसे सरीत गेले म्हणा. लेबलवर चालत असेल तर चांगलं स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवून ठेवणारं द्रव्य, घाला. पण स्टिकर घातलं म्हणून धो-धो पावसात महिनाभर टिकेल असं नाही.

आता शेतात जाऊन एक बघा. फवारणी करून आठवडा झाला असेल तर खालच्या जुन्या पानांवर औषधाचे फिकट ठिपके अजून दिसतील. शेंड्याकडं बघा. तिथली पानं स्वच्छ, हिरवीगार, एकही ठिपका नाही. ती फवारणीनंतर फुटलेली. हे औषध झाडात फिरत नाही, त्यामुळं नव्या पानांवर काहीच नसतं आणि रोगाला तेवढी जागा पुरते. म्हणूनच ७ ते १० दिवसांनी पुन्हा मारायचं असतं, आणि झडीत सातव्या दिवशी. मग एक डागाळलेलं पान उलटं करा, सकाळी दव असतानाच. डागाच्या कडेला पांढरी, बारीक लव दिसली तर उशिरा येणारा करपा. डागात एकात एक गोल कडी असतील, पान कोरडं असेल आणि रोग खालच्या पानांपासून चढत असेल तर तो लवकर येणारा करपा. तो एवढ्या वेगानं शेत खात नाही.

बरेच जण कमी पडतात ते पाण्यात. लिटरला अडीच ग्रॅम धरलं तर १६ लिटरच्या पंपाला ४० ग्रॅम. लेबलचा हिशेब एकराला ६०० ते ८०० ग्रॅम आणि ३०० लिटर पाणी असा आहे, म्हणजे एकराला १८-१९ पंप. आपल्याकडं मजूर लावून आठ-दहा पंपांत एकर उरकतो, तेही वरून वरून. पानाची खालची बाजू कोरडीच राहते आणि रोग तिथूनही घुसतो. नोझल बारीक फवाऱ्याचा लावा, नळी खाली घालून वर तोंड करून मारा. वेळ जातो, मजूर कुरकुरतो, पण स्पर्शजन्य औषधात जिथं थेंब पडला तेवढीच जागा राखली जाते.

पावडर थेट पंपात ओतू नका. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून घ्या, मग फडक्यातून गाळून पंपात घाला. ती तळाला बसते, म्हणून अधूनमधून पंप हलवत राहा. कालवलेलं त्याच दिवशी संपवा आणि बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) किंवा चुन्याच्या कशातही मिसळू नका. अर्धी पुडी गोठ्याच्या फळीवर उघडी ठेवायची सवय असेल तर ती मोडा. ओल लागली की मॅन्कोझेबचा दम जातो, आणि दोष मात्र कंपनीला.

आता आलेल्या रोगाचं काय? नुसत्या मॅन्कोझेबवर तो थांबणार नाही. सायमोक्झानिल अधिक मॅन्कोझेब, किंवा मेटालॅक्झिल अधिक मॅन्कोझेब, असं पानात शिरणारं काहीतरी लागेल, तेही लेबलवरच्या डोसानं. मात्र एकच औषध सारखं मारू नका. मेटालॅक्झिलला बुरशी कशी सरावते ते १९८० मध्येच आयर्लंड आणि नेदरलँड्सच्या बटाट्यात दिसलं होतं. मॅन्कोझेब बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, म्हणून १९६० च्या दशकापासून वापरात असूनही ते अजून चालतं आणि जोडीला दिलं जातं. पाणी साठत असेल तर चर काढा. सरीला मातीची भर नीट द्या, कारण पानावरचे बीजाणू पावसाबरोबर खाली उतरून बटाट्यात शिरतात. अर्ध्याहून जास्त पाला गेला असेल तर माझ्या मते औषधावर खर्च घालू नये. पाला कापून शेताबाहेर न्यावा, दोन आठवडे साल घट्ट होऊ द्यावी आणि उघडीप बघून काढावं. कुजके बटाटे बांधावर टाकू नका, पुरून टाका.

डुप्लिकेटची शंका तरीही राहिली असेल तर पक्कं बिल, बॅच नंबर आणि पुडी जपून ठेवा आणि होबळीच्या (तालुक्यातल्या गावांच्या गटाच्या) रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रात, दाखवा. नमुना तपासायचा अधिकार कृषी खात्याला आहे, दुकानात भांडून काही निघत नाही. बिल मागितल्यावर जो दुकानदार तोंड वाकडं करतो, त्याच्याकडून पुढच्या वेळी घेऊच नका.

आणि पुडीवर कमी विषारीपणाचा हिरवा त्रिकोण आहे म्हणून उघड्या हातानं कालवू नका. युरोपीय संघानं २०२० मध्ये मॅन्कोझेबची मंजुरी पुढं वाढवायला नकार दिला, तो माणसाच्या आरोग्याची शंका घेऊनच. हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याकडं पाठ.

शेजारी कुणाचा टोमॅटो असेल तर त्याला आजच सांगा, कारण हीच बुरशी टोमॅटोवरही जाते. तिथं अजून डाग नसतील तर तुमची उरलेली एम-४५, कोरडी राहिली असल्यास, त्याच्या कामाची आहे. फक्त लेबलवर तोडणीआधी जेवढे दिवस थांबायला सांगितलंय तेवढे त्यानं थांबावं.