सांगलीतल्या छोट्या वाचनालयाची दाखल नोंदवही संगणकावर शोधता येईल अशी कशी करावी?

तीन हजार पुस्तकांसाठी 'कोहा' हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर नको. सर्व्हर सांभाळायला माणूस लागतो. आधी साधी एक्सेल शीट करा. एका पुस्तकाला एक ओळ आणि दाखल क्रमांक कधीही बदलायचा नाही. टायपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखं चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाणित पद्धतीत हवं. जुन्या फॉन्टमधली 'श्रीलिपी'ची फाइल शोधात सापडणार नाही.

खरी डोकेदुखी जुन्या शीर्षकांची. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या पुस्तकांवर 'नांव', 'कांहीं' असे अनुस्वार असतात. शीर्षक छापलंय तसंच लिहा आणि शेजारच्या रकान्यात आजचं शुद्धलेखन, शोध त्यातच घ्यायचा. लेखकांचंही तेच: कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही एकच व्यक्ती, म्हणून ठरलेल्या नावाचा वेगळा रकाना ठेवा. शके असेल तर मूळ आकडा ठेवून 78 मिळवलेलं इसवी सन वेगळं लिहा. काही महिन्यांसाठी एका वर्षाचा फरक पडतो, तेवढा चालतो.

शोधायला फिल्टर पुरतो. पुढे वाटलं तर हीच शीट सीएसव्ही (साधी मजकूर फाइल) करून एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये घ्या, सगळं एकाच फाइलमध्ये राहतं. एक प्रत मात्र वाचनालयाबाहेर ठेवाच, 2019 चा महापूर सांगलीकरांना वेगळा सांगायला नको. स्कॅनिंगच्या मागे आत्ताच लागू नका.