सायबरपंकसाठी कार्ड कुठलं, प्रोसेसर कुठला? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या वेळी निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गेमबद्दल आलेत, सायबरपंक २०७७. तसा जुना गेम आहे, पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने १० डिसेंबर २०२० ला काढला आणि तेव्हा इतके बग होते की सोनीने आठवडाभरात आपल्या स्टोअरवरून उचलून बाजूला ठेवला, पण आता सगळं सुधारून तो असा झालाय की नवीन ग्राफिक्स कार्ड आलं की पहिल्यांदा याच्यावरच घासून बघतात. एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे प्रत्येकाला परत सांगायला नको. जून २०२३ मध्ये कंपनीने सिस्टिम रिक्वायरमेंटची यादी बदलली. २०२० च्या मूळ यादीत जीटीएक्स ७८० कार्डवर चालेल असं होतं, नव्या यादीत कमीत कमी जीटीएक्स १०६० ६ जीबी, १२ जीबी रॅम आणि एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान साठवण), हार्डडिस्क बाद. भरपूर लोक अजून जुनीच यादी बघून खरेदी करतात.

नाशिकहून एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी लिहितो: दादा, माझ्याकडे आय५-७४००, जीटीएक्स १०६० ३ जीबी, ८ जीबी रॅम आणि हार्डडिस्क आहे. ३० हजार साठलेत. सगळ्याचं आरटीएक्स ५०६० घेऊन टाकू का?

नको रे. कार्ड चांगलंच आहे, पण तुझ्या मशिनमध्ये ते म्हणजे एक खिल्लारी बैल आणि शेजारी थकलेला म्हातारा, नांगर म्हाताऱ्याच्याच चालीने चालणार. तुझ्या प्रोसेसरला, आय५-७४०० ला, ४ कोअर आणि ४च थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं, आणि हा गेम थ्रेड खातो, रस्त्यावरची माणसं, गाड्या, पोलीस हे सगळं प्रोसेसर हलवतो. कंपनीची कमीत कमीची अटच आय७-६७०० आहे म्हणजे ८ थ्रेड. तू ५०६० लावलंस तर अॅव्हरेज एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) बरा दिसेल पण मार्केटमधून गाडी पळवायला लागलास की झटके बसतील, आणि तू म्हणशील कार्डच खराब निघालं. त्यात ५०६० बोर्डशी बोलताना फक्त ८ लेनवर चालतं आणि तुझा बोर्ड जुन्या, हळू पीसीआय एक्सप्रेस ३.० चा, म्हणजे तिथेही रस्ता अर्धाच.

आणखी एक, तुझ्यासारख्या सातव्या जनरेशनच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे हे मशिन तसंही बदलायचंच आहे, मग आज बदल. आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६००, साधा बोर्ड, १६ जीबी रॅम (८-८ च्या दोन पट्ट्या, एक १६ ची नको) आणि एनव्हीएमई एसएसडी. रॅमचे भाव सध्या चढलेत तेव्हा तिथे थोडं टोचेल, वाटल्यास तेवढी रॅम सेकंडहँड घे, रॅम सहसा दगा देत नाही. तुझं १०६० सध्या त्यातच लाव, ३ जीबीचं आहे त्यामुळे सगळं लो आणि एफएसआर (चित्र लहान काढून मग मोठं करणं) चालू करून जेमतेम चालेल, पण चालेल. कार्ड सहा महिन्यांनी. उलटं केलंस तर सहा महिने महागडं कार्ड अर्ध्या पोटी बसून राहणार. कुणी म्हणेल त्याच बोर्डवर जुनं आय७-७७०० टाक, ८ थ्रेड मिळतील. खरंय, मिळतील, पण मेलेल्या प्लॅटफॉर्मवर पैसे घालायला मी सांगणार नाही.

कोल्हापूरहून एक आई विचारतात: मुलाची बारावी झाली, त्याला कॉम्प्युटर कबूल केलाय. दुकानदार म्हणतो गेम खेळायचा तर आय७ च लागतो. मुलगा म्हणतो कार्ड मोठं पाहिजे. कोणाचं ऐकू?

ताई, मुलाचं ऐका. या बाबतीत तरी.

गेममध्ये चित्र रंगवायचं काम कार्ड करतं आणि कुठे काय हलणार याचा हिशोब प्रोसेसर करतो, आणि सायबरपंकमध्ये रंगकाम प्रचंड आहे. तुमचं बजेट समजा ८० हजार असेल तर त्यातला सगळ्यात मोठा घास कार्डचा असावा. दुकानदाराला "आय७" एवढंच म्हणू देऊ नका, पूर्ण नंबर कोटेशनवर लिहून मागा, कारण आठ-नऊ वर्षांपूर्वीचा आय७ हा आजच्या आय५ पेक्षा मागे आहे, नुसत्या नावाला काही किंमत नाही. नंबरच्या शेवटी एफ असेल तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड घेणारच आहात तर एफ वाला घेऊन थोडे वाचवा.

मुलाने कदाचित गेमची यादी दाखवली असेल, त्यात शिफारस म्हणून आय७-१२७०० आणि रायझन ७ ७८००एक्स३डी लिहिलंय. ते बघून घाबरू नका. मुळात हे दोन प्रोसेसर एका पंगतीत बसणारेच नाहीत, दुसरा गेमिंगमध्ये पहिल्याच्या खूप पुढे आहे, तेव्हा ती ओळ कंपनीने जरा सैल हाताने लिहिली असं माझं मत. तीच ओळ म्हणते कार्ड आरटीएक्स २०६० सुपर, म्हणजे २०१९ चं, आणि ते १०८०पी (फुल एचडी) वर हाय सेटिंगला ६० एफपीएस साठी. तेवढं तर सहा कोअरचा आय५-१२४००एफ पण आरामात पेलतो. पुढे प्रोसेसर बदलायची सोय हवी असेल तर रायझन ५ ७६०० घ्या, त्याच्या एएम५ सॉकेटला (बोर्डवरची प्रोसेसरची जागा) एएमडीने २०२७ पर्यंत तरी सपोर्ट द्यायचं सांगितलंय.

आणि कोटेशनमध्ये एसएमपीएसचं (पीसीला वीज पुरवणारा डबा) नाव बघा. तिथे नुसतं "५०० वॅट" लिहिलं असेल आणि कंपनी नसेल तर तिथेच दुकानदाराने पैसे वाचवलेत असं समजा. ब्रँडेड, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवतो याचा दाखला), ५५० वॅटचा लिहून घ्या.

पुण्याहून: आय५-१२४००एफ, आरटीएक्स ३०६० १२ जीबी, १६ जीबी रॅम. गेममधल्या डॉगटाऊन भागात एफपीएस ४५-५० आणि कार्डचा वापर ६० टक्केच दाखवतो. सेटिंग कमी केली तरी फरक नाही. कार्ड बदलायची वेळ आली का?

कार्ड ६० टक्क्यांवर म्हणजे कार्ड रिकामं बसलंय राव, वाट बघतंय. एमएसआय आफ्टरबर्नर (कार्डचा वापर दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघा, कार्ड ९७-९९ टक्क्यांवर असेल तर अडचण कार्डची, खाली असेल आणि एफपीएसही कमी असेल तर अडचण मागे कुठेतरी. अजून खात्री करायची तर रिझोल्युशन ७२० वर आणा, एफपीएस तेवढाच राहिला तर कार्ड निर्दोष.

आता १२४००एफ इतका लेचापेचा नाही की ४५ वर अडकेल. म्हणून मला रॅमचा संशय येतोय. दोन गोष्टी बघा. १६ जीबीची एकच पट्टी असेल तर सिंगल चॅनल चालतंय, प्रोसेसरला अर्ध्या वेगाने माल पोचतोय. आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी चालू आहे का? ३२०० ची रॅम घेतली म्हणून ती ३२०० वर चालते असं नाही, एक्सएमपी बंद असेल तर २१३३ किंवा २६६६ वर पडून असते आणि लोक वर्षानुवर्षं तशीच वापरतात. मी स्वतः घरच्या मशिनवर बायोस अपडेट केलं, त्यात एक्सएमपी बंद झालं, आणि चार महिने गेम अपडेटला शिव्या घालत बसलो होतो. असो.

एवढं करून राहिलंच तर गेमप्ले सेटिंगमध्ये क्राउड डेन्सिटी मीडियमला आणा, प्रोसेसरचा भार तिथे खरा उतरतो. टेक्स्चर (वस्तूंवरचा पोत) कमी करून काही होणार नाही, ते कार्डच्या मेमरीचं खातं, आणि तुमच्याकडे १२ जीबी आहे. रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशोब करून उजेड-सावली काढणं) चालू असेल तर बंद करून बघा. लोकांना वाटतं रे ट्रेसिंग फक्त कार्डला जड, पण किरण कशावर आपटणार त्या सगळ्या वस्तूंची यादी दर फ्रेमला ताजी ठेवावी लागते आणि ते काम प्रोसेसरवरही येतं.

सोलापूरहून: १४४०पी मॉनिटर घेतलाय. ५०६० टीआय ८ जीबी, ५०६० टीआय १६ जीबी की ९०६० एक्सटी १६ जीबी? पाथ ट्रेसिंग (रे ट्रेसिंगचा सगळ्यात जड प्रकार) बघायची फार इच्छा आहे.

८ जीबी मेमरीचं कार्ड खोडून टाका आधी. १४४०पी, रे ट्रेसिंग आणि वर फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम बनवून घालणं), तीन्ही एकदम चालू केलं की ८ जीबी भरून वाहतं, आणि मेमरी भरली की एफपीएस हळूहळू नाही कमी होत, धाडकन पडतो. एकाच नावाचं कार्ड दोन मेमरीत विकणं हा प्रकारच मला आवडत नाही, बॉक्स नीट वाचा.

उरले दोन १६ वाले. अमेरिकेत लाँचला एएमडीचं ९०६० एक्सटी ३४९ डॉलरला आणि एनव्हिडियाचं ५०६० टीआय ४२९ डॉलरला होतं, आपल्याकडे १८ टक्के जीएसटी आणि मधल्यांचं कमिशन धरून तो फरक अजून रुंदावतो. साध्या रास्टरमध्ये, म्हणजे रे ट्रेसिंगशिवाय, दोघं जवळजवळ बरोबरीत, तेव्हा रे ट्रेसिंगचं वेड नसेल तर डोळे मिटून ९०६० एक्सटी. पण सायबरपंकचं पाथ ट्रेसिंग, म्हणजे एप्रिल २०२३ ला आलेला ओव्हरड्राइव्ह मोड, तो एनव्हिडियाच्या घरातला जावई आहे, तिथे एनव्हिडिया पुढे आणि रे रिकन्स्ट्रक्शन (किरणांचं चित्र स्वच्छ करणारं तंत्र) फक्त त्यांच्याकडेच. तरी खरं सांगू का, कंपनीनेच ओव्हरड्राइव्हसाठी आरटीएक्स ४०८० लिहिलंय. ५०६० टीआय वर डीएलएसएस (एनव्हिडियाचं एफएसआरसारखं तंत्र) परफॉर्मन्सला आणून फ्रेम जनरेशन लावून तो चालू होतो, रात्री पावसात गेममधल्या नाइट सिटीत एक चक्कर मारा, बघून तोंड उघडं राहील, फोटो काढा आणि परत साध्या रे ट्रेसिंगवर या.

फ्रेम जनरेशनबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. ते मधल्या फ्रेम बनवून दाखवतं, माउसचा प्रतिसाद वाढवत नाही, उलट किंचित घटवतं. मूळचे ५०-६० असतील तर त्याचे १०० छान वाटतात. मूळ २५ चे ५० केले तर डोळ्याला ५० आणि हाताला चिखल.

लातूरहून: ऑनलाइन नवीन आरएक्स ५८० ८ जीबी फारच स्वस्त मिळतंय, कमीत कमीच्या यादीत पण आहे. घेऊ?

नावापुढे २०४८एसपी लिहिलंय का बघा, किंवा लिहिलंच नसेल तर विक्रेत्याला विचारा. खऱ्या ५८० ला २३०४ शेडर (चित्राचा हिशोब करणारे छोटे भाग) असतात, २०४८ वालं म्हणजे जवळपास ५७० च, नाव मोठं. आणि "नवीन" म्हणजे बऱ्याचदा मायनिंगमधून (कार्डावर क्रिप्टो चलन कमवणं) निघालेली चिप, पुसून नव्या पंख्यात बसवलेली. सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद पडलं तेव्हा असली कार्डं ढिगाने बाजारात आली. मी एकदा फसलोय, एका ऑनलाइन विक्रेत्याकडून भाच्यासाठी घेतलं, तीन महिन्यांत स्क्रीनवर रांगोळी यायला लागली, वॉरंटीच्या नंबरवर कुणी उचलेना. त्यापेक्षा सेकंडहँड आरएक्स ६६०० शोधा, १३२ वॅटचं कार्ड आहे, मूळ बिलासकट आणि समोर अर्धा तास गेम चालवून घ्या, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलात तरी हाच नियम. घरी आल्यावर जीपीयू-झेड (कार्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा, नकली बायोस असेल तर बऱ्याचदा ते सरळ फेक म्हणून दाखवतं.

नागपूरहून: होस्टेलला राहते त्यामुळे लॅपटॉपच हवा. दोन्हीत आरटीएक्स ४०६०, पण किमतीत १५ हजारांचा फरक. स्वस्तवाला घेऊ ना?

वॅट बघ. लॅपटॉपचं ४०६० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत काहीही असतं, स्टिकर तोच. बारीक, देखण्या लॅपटॉपमध्ये कमी वॅटचं असतं आणि ते जाडजूड भावाच्या बरंच मागे राहतं. कंपनीच्या साइटवर टीजीपी (कार्डला मिळणारे वॅट) शोध, १०० च्या वर असेल ते घे. आणि नागपूरचा मे महिना धरून चाल, खोलीतच ४० डिग्री असेल तर लॅपटॉप बिचारा आत काय थंड करणार, खाली स्टँड आणि एफपीएसला ६० ची मर्यादा घाल.

संगमनेरजवळून: आमच्याकडे लाईट कधीही जाते. ४०६० आणि रायझन ५६०० आहे, घरच्या इन्व्हर्टरवर चालेल का की वेगळा यूपीएस घेऊ?

जोडी चांगली निवडलीत, कारण कार्ड ११५ वॅट आणि प्रोसेसर ६५ वॅटचा, मॉनिटर धरून गेममध्ये सगळं मिळून अडीचशे-तीनशे वॅटच्या आसपास जातं. ८५० व्हीएचा इन्व्हर्टर तेवढं ओढतो, फक्त त्याच वेळी फ्रिज आणि मिक्सर त्यावर नको. खरी भानगड लाईट गेल्याच्या क्षणाची आहे. इन्व्हर्टरला मागे एक बटण असतं, यूपीएस मोड आणि नॉर्मल किंवा इको मोड. नॉर्मलवर असेल तर बदलायला वेळ लागतो आणि पीसी रिस्टार्ट होतो, यूपीएस मोडवर चांगला एसएमपीएस तेवढे मिलिसेकंद धरून ठेवतो. आधी ते बटण फिरवा, गेम चालू ठेवा आणि घरच्यांना सांगून मेन स्विच पाडून बघा. दोन-तीनदा केलं आणि पीसी बंद नाही पडला तर यूपीएसचे पैसे वाचले. पडला तर ११०० व्हीएचा घ्या, ६०० वाला घेऊ नका, तो तीन-चारशे वॅटलाच मान टाकतो.