विनोदी मालिकेचा पहिला भाग लिहिला आहे, पंचावन्न पानांचा. अभिप्राय कुणाकडून घेऊ आणि टीव्हीत शिरायचं कसं?

पीडीएफ पाठवून अभिप्राय मागणं आधी बंद करा. ओळखीच्या सगळ्यांनी 'भारी आहे' कळवलं म्हणता. त्यातल्या निम्म्यांनी ती उघडलीही नसणार. चार-पाच माणसं एका खोलीत बसवा, पात्रं वाटून द्या आणि मोठ्याने वाचायला लावा. तुम्ही स्वतः एकही भूमिका घ्यायची नाही. समोर प्रत, हातात पेन्सिल, तोंड बंद. हसले तिथे खूण, कुणी मोबाइल बघितला तिथेही खूण. नंतर 'कसं वाटलं?' विचारायचं नाही, खुणा बघायच्या.

हे मी ठणकावून सांगतेय त्याला कारण आहे. एका विनोदी मालिकेसाठी मी आणि माझा तेव्हाचा सहलेखक मिळून लिहीत होतो. प्रसंग असा: एक गृहस्थ सांत्वनाला येतो आणि चुकून शेजारचं दार वाजवतो. घरमालक भिडस्त. 'आमच्याकडे कुणी गेलेलं नाही' हे सांगायची वेळ निघून जाते आणि बिचारा त्या दुःखात सामील होतो. पाहुणा विचारतो, "शेवटी काही बोलले का?" घरमालक म्हणतो, "नाही. तसे ते आधीपासूनच कमी बोलायचे."

सहलेखकाला हे सपाट वाटलं. त्याने तिथे "बोलले ना, बायकोला सांगू नका म्हणाले" असा पंच, म्हणजे हशा वसूल करणारं वाक्य, घातला. वाहिनीच्या क्रिएटिव्ह बाईंनाही तोच आवडला; त्यांचा हिशेब पानाला इतके पंच असा होता. माझं म्हणणं एवढंच की हा माणूस अडकलाय, त्याला फक्त वेळ मारून न्यायचीय. अडकलेला माणूस कोट्या करत नाही. त्याने कोटी केली की तो सुटला, आणि तो सुटला तर पुढचा सीन कुणासाठी बघायचा?

बरीच वादावादी झाली. शेवटी दिग्दर्शकाने वाचनापुरतं माझं वाक्य राहू दिलं, बहुधा कटकट नको म्हणून. त्या दिवशी घरमालकाचं काम करणारा नट दुसऱ्या शूटिंगमध्ये अडकला, म्हणून निर्मात्याच्या अकाउंटंटना बसवलं. त्यांनी जन्मात कधी संवाद म्हटलेला नव्हता. बिलावरची रक्कम वाचावी तसं त्यांनी ते वाक्य वाचलं. पाहुण्याचं काम करणाऱ्या ज्येष्ठ नटाला हसण्यामुळे पुढचं वाक्यच म्हणता येईना. वाचन थांबवावं लागलं. अकाउंटंट घाबरून पानं चाळत विचारतायत, "माझं काही चुकलं का?"

सहलेखक अजूनही म्हणतो, लोक त्यांच्या कोऱ्या चेहऱ्याला हसले, वाक्याला नाही. मग त्याच चेहऱ्याने आधीची पानं वाचली तेव्हा तुझे पंच फुकट का गेले, याचं उत्तर त्याने आजवर दिलेलं नाही.

'मोठमोठ्यांनाही कळत नाही' म्हणून बीबीसीचा किस्सा सगळे सांगतात. १९७४ साली तिथल्या एका संहिता-संपादकाने 'फॉल्टी टॉवर्स' या पुढे प्रचंड गाजलेल्या विनोदी मालिकेच्या संहितेवर शेरा मारला होता की यात घासून गुळगुळीत झालेल्या गोष्टी आणि ठोकळेबाज पात्रं आहेत. संहिता परत आलेल्या प्रत्येक नवोदिताला हे पाठ असतं. त्याचा आडोसा घेऊ नका. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी त्या मालिकेचे जेमतेम १२ भाग लिहिले, ते बघा. हॉटेलवाला एक थाप मारतो, ती निभवायला दुसरी, आणि अडकत जातो. नुसत्या कागदावर हे कुणालाही ठोकळेबाज वाटेल. म्हणूनच मोठ्याने वाचा म्हणतेय.

आता शिरकावाचं. नवख्याची आख्खी मालिका कुणी घेत नाही. तुमची संहिता विकायला नाही, हात दाखवायला आहे. चालू मालिकेच्या संवादलेखकाला सहाय्यक लागतो, कारण प्रसारण थांबत नाही आणि भागांची बँक, म्हणजे आधी तयार करून ठेवलेले भाग, कायम संपत आलेली असते. रात्री मागितलेला सीन सकाळी दिलात की नाव लक्षात राहतं. अर्ध्या तासाचा भाग जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटांचा, पान म्हणजे साधारण एक मिनिट. तुमची पंचावन्न पानं बघूनच समोरचा फाइल बंद करेल. आणि चोरीची भीती: कल्पनेवर कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या मांडणीवर असतो. तेव्हा लेखक-संघटनेकडे संहितेची नोंद करा आणि द्या पाठवून.

हे सगळं मालिकेपुरतं हं. स्किट लिहायचं असेल तर यातलं अर्धं विसरा. तिथे हाताशी मिनिटं मोजकी, पंच लागतातच, आणि त्या कामात माझा सहलेखक माझ्यापेक्षा कितीतरी सरस आहे. सध्या तो तेच करतो. शिवाय खोलीत मित्रमंडळीच असतील तर भिडेखातर हसतील; एखाददुसरा अनोळखी माणूस हवाच.

प्रश्नासोबतचा सीन वाचला. तुमचा नायक खोटं आजारपण सांगून घरी बसलाय, बॉस दारात उभा, आणि नायक त्याच्या टकलावर टोमणा मारतो. टोमणा चांगला आहे. काढा तो. त्याला नोकरी वाचवायचीय ना?