एकच क्लास, दोन जार

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या जिनिंगसाठी मी जावामध्ये काटापावतीचा प्रोग्राम लिहिला आहे. पावती जॅस्पररिपोर्ट्स या अहवाल बनवणाऱ्या लायब्ररीमधून निघते आणि रोजच्या कापूस-आवकेचा गोषवारा मी ओपनपीडीएफ या पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीने काढतो. माझ्या लॅपटॉपवर सारे ठीक चालते. जिनिंगच्या संगणकावर मात्र गोषवारा काढताना ‘नो सच मेथड एरर’ येतो. दोन्हीकडचे लिब फोल्डर, म्हणजे जार (लायब्ररीच्या फाइली) ठेवण्याची जागा, अगदी सारखे आहे आणि मेव्हन या बिल्ड साधनाच्या डिपेंडन्सी ट्रीमध्ये (कोणती लायब्ररी कोणामुळे येते त्या यादीत) एकही लायब्ररी दोनदा दिसत नाही. चूक कुठे शोधावी?
— एक वाचक, ता. केळापूर, जि. यवतमाळ

उत्तर : कंपाइल करताना क्लासमध्ये (कोडच्या एका घटकात) असलेली मेथड, म्हणजे त्यातली एक कृती, प्रोग्राम चालताना सापडली नाही, एवढाच या एररचा अर्थ आहे, म्हणजे त्याच नावाचा दुसरा क्लास आधी लोड झाला. तुमच्या बाबतीत तो कुठून येतो याचा अंदाज बांधता येतो. जॅस्पररिपोर्ट्सच्या ६ मालिकेतील अनेक आवृत्त्या आयटेक्स्ट या पीडीएफ लायब्ररीच्या २.१.७ आवृत्तीची स्वतः दुरुस्त केलेली प्रत सोबत आणतात. ओपनपीडीएफ ही आयटेक्स्टच्याच जुन्या कोडमधून निघालेली शाखा असून, तिच्या १ मालिकेत पॅकेजचे नाव ‘कॉम डॉट लोवागी’ असेच राहिले आहे. मेव्हन ग्रुप आणि आर्टिफॅक्ट यांच्या नावांवरून लायब्ररी ओळखतो, जारच्या आत डोकावत नाही. त्यामुळे त्याच्या लेखी या दोन वेगळ्या लायब्रऱ्या आहेत आणि ट्रीमध्ये दोन्ही निमूटपणे शेजारी बसतात. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या असत्या, तर मुळाशी जवळची आवृत्ती निवडून त्याने दुसरी गाळली असती.

फोल्डर सारखे असूनही दोन संगणक वेगळे का वागतात, हा तुमच्या प्रश्नातला खरा कळीचा भाग आहे. क्लासपाथमध्ये (जावा क्लास जिथे शोधते त्या जागांच्या यादीत) ‘लिब’ पुढे तारांकन दिले असेल, तर जार कोणत्या क्रमाने वाचले जातील याची जावा हमी देत नाही. लॅपटॉपवर ओपनपीडीएफ आधी आली असावी, जिनिंगवर आयटेक्स्ट.

खात्री करण्यासाठी जिनिंगच्या संगणकावर जावा ‘व्हर्बोज क्लास’ हा पर्याय देऊन चालवा आणि येणारा मजकूर फाइलमध्ये साठवा. त्यात ‘पीडीएफ रायटर’ हा दोन्ही जारमध्ये असलेला क्लास शोधलात, की तो कोणत्या जारमधून लोड झाला हे त्याच ओळीत दिसेल. काट्यावर गाड्यांची रांग नसेल अशा वेळी हे पाच मिनिटांत होते आणि त्यासाठी इंटरनेटही लागत नाही.

उपाय म्हणून जॅस्परमधून आयटेक्स्ट एक्स्क्लूड करण्याचा, म्हणजे वगळण्याचा, मोह होईल, पण ती प्रत जॅस्परकरिता मुद्दाम दुरुस्त केलेली आहे. ती काढल्यास शेतकऱ्याचे देवनागरी नाव असलेली पावती प्रत्यक्ष छापून तपासल्याशिवाय विसंबू नका. माझ्या मते गोषवाराही जॅस्परमध्येच मांडून ओपनपीडीएफ काढून टाकणे अधिक सुरक्षित आहे. पुढे असे पुन्हा घडू नये म्हणून मेव्हनच्या, बिल्डचे नियम तपासणाऱ्या एन्फोर्सर प्लगइनला त्याच्या जादा नियमांतला ‘बॅन डुप्लिकेट क्लासेस’ हा नियम जोडा, म्हणजे एकच क्लास दोन जारमध्ये आढळताच बिल्ड थांबेल. प्लगइन एकदाच डाउनलोड करावे लागते. नंतर मेव्हन ऑफलाइनही चालतो.

आणि नवे जार जिनिंगवर नेताना तिथले लिब फोल्डर आधी पूर्ण रिकामे करा, कारण वरून नुसती कॉपी केल्यास काढून टाकलेला जुना जार तिथेच राहतो.