पायी शिकार करताना मारलेले ससे कसे वाहून न्यावेत?

तुम्ही ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात राहता, परवाना काढून सशांची शिकार करता, दिवसभर पायी फिरता आणि घरी पोचेपर्यंत पाठीवरच्या पिशवीतल्या सशांना वास येऊ लागतो, असं लिहिलंय. पिशवी कुठली घ्यावी, हा तुमचा प्रश्न. मी म्हणेन, पिशवी नंतर बघू. मेलेल्या जनावराच्या अंगातली ऊब बाहेर पडतेय की नाही, आधी ते बघा. ती कोंडली की मांस पोटाकडून बिघडायला लागतं. मग पिशवी कितीही महागाची असो.

मी ग्वाल्हेरचा, लष्कर भागातला, 1957 सालचा जन्म. आजोबा एका सरदारांच्या पदरी होते. थंडीत ते तिघरा धरणाच्या बाजूला तितर, लावे आणि सशांसाठी जायचे, आणि वाहायला मी. 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्यानंतर त्यांनी बंदूक रानात नेली नाही. तेच योग्य होतं. आपल्याकडे रानातला ससा किंवा तितर मारणं गुन्हा आहे, त्यामुळे इथल्या कुणी हे वाचून रानात जाऊ नये. तुमच्याकडची गोष्ट वेगळी. ते ससे तिथले नव्हतेच. 1859 मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने ते व्हिक्टोरियात सोडले आणि पुढे त्यांनी शेतं-कुरणं फस्त केली.

माझी चूक सांगतो, कारण तुमचीही तीच होतेय. अकरा-बारा वर्षांचा असेन. चार तितर माझ्याकडे दिले होते. शिकार टांगायच्या पट्ट्याला लटकवले की मांडीवर आपटत, म्हणून मी ते मेणकापडाच्या पिशवीत एकावर एक घातले आणि वर बंद लावून टाकला. दुपारी घरी पिशवी उघडली तर आत दमट वाफ. खालच्या दोघांच्या पोटाची पिसं बोटाने बाजूला केली, तर कातडी हिरवट पडलेली. आजोबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "यांचा जीव वाया गेला." ते दोन पक्षी त्यांनी मला स्वतःच्या हाताने पुरायला लावले. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

आता सशाचं. ससा हातात आला की पहिल्यांदा पुढच्या पायांशी धरून उभा लोंबकळता ठेवा आणि अंगठ्याने पोटावरून खाली दाबत न्या. मूत्र निघून जातं, नाहीतर ते वाटेत मांसाला लागतं. मग पोट काढा. चिमटीने कातडी वर उचलून लहान छेद द्या, दोन बोटं आत घालून आतडी खाली दाबून धरा आणि सुरीची धार वरच्या बाजूला ठेवून छेद वाढवा. आतडं फुटू देऊ नका. हातमोजे घाला. काळीज, म्हणजे यकृत, नीट बघा. त्यावर पांढरे-पिवळे ठिपके दिसले तर तो ससा खाऊ नका. पोट काढल्याने ऊबही जाते आणि वजनही उतरतं. पाच-सहा ससे घेऊन मैलभर चालणाऱ्याला त्याची किंमत कळते.

नंतर मागच्या एका पायाला, टाचेच्या वर, हाड आणि शीर यांच्यामध्ये जिथे नुसती कातडी असते, तिथे सुरीचं टोक आरपार घाला. त्या फटीतून दुसरा पाय ओवा. पायाचीच कडी तयार होते, दोरी लागत नाही. अशा कड्या काठीत ओवून काठी खांद्यावर टाकायची, ससे पाठीमागे वाऱ्यावर राहतात. पण काठीने एक हात अडतो, म्हणून हे परतीच्या वाटेवर, बंदूक रिकामी करून. जातानाचे ससे आजोबा वाटेतल्या झाडाला सावलीच्या अंगाला टांगून ठेवत आणि येताना काढून घेत. मुंग्या बघून फांदी निवडायची. तुमच्याकडे कोल्हे असतील, तर जरा उंच टांगा.

पक्ष्यांना खांद्यावरून घ्यायचा, फास लावलेला पट्टाच बरा. मान फासात घातली की वजनानेच फास आवळतो, आणि एक पक्षी दुसऱ्याला चिकटत नाही. लाव्यासारखे लहान पक्षी मात्र पट्ट्याला लोंबकळून रगडले जातात. त्यांना सुतळीच्या जाळीची झोळी, मध्ये कोरडं गवत.

पिशवी हवीच असेल तर समोरून जाळीची घ्या, आतलं अस्तर काढून धुता येईल अशी. प्लास्टिकची कधीच नको. गरम ससा त्यात घालणं म्हणजे त्याला शिजत ठेवणं. माश्या असतील तर पातळ सुती कापड गुंडाळा. आणि अंगावर ससे टांगून झुडपांतून चालणार असाल तर भडक नारिंगी जाकीट घाला, दुसऱ्या शिकाऱ्याला लांबून फक्त हलणारी लव दिसते.

पट्टा विकत नाही मिळाला तर करून घ्या. दोन इंच रुंद जाड चामडं, खांद्यावरून तिरपं कमरेपर्यंत येईल एवढं लांब, त्याला पितळी कड्या आणि प्रत्येक कडीत वीतभर चामडी वादीचा फास. अरुंद पट्टा घेऊ नका, तासाभरात खांदा कापतो.