देहबोली, हावभाव, खाणाखुणा: सगळं एकच का?

कोथरूडला राहणारी माझी एक मैत्रीण भाषांतराची कामं करते, परवा तिचा मेसेज आला. नोकरीच्या इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्या मुलांसाठीचं पुस्तक ती मराठीत करतेय आणि त्यात पानोपानी 'बॉडी लँग्वेज' आहे. 'देहबोली' हा शब्द तिला घडवलेला आणि कोरडा वाटतो, तर त्याऐवजी सरसकट 'हावभाव' टाकला तर चालेल का, की 'खाणाखुणा' बरा, आणि नेत्रपल्लवी, करपल्लवी हे नुसते प्रेमात पडलेल्यांचेच शब्द का, असं तिनं विचारलंय.

सरसकट नको गं. ही एकाच गोष्टीची चार नावं नाहीयेत.

आमची आजी रोज सकाळी जपाला बसायची, शनिवार पेठेतलं दोन खोल्यांचं घर, गोमुखीत, म्हणजे जपमाळेच्या कापडी पिशवीत, उजवा हात आणि जप पुरा होईस्तोवर तोंडातून एक शब्द नाही. पण तेवढ्या वेळात घर तीच चालवायची. दूध वर यायला लागलं की हनुवटी स्वयंपाकघराकडे आणि 'हूं हूं', कुकरच्या शिट्ट्या झाल्या की डाव्या हाताची तीन बोटं वर म्हणजे गॅस बंद करा, दारात कोण आलंय ते विचारायला नुसत्या भुवया. आम्हाला कळलं नाही तर तीच बोटं परत, जरा जोरात. ह्या सगळ्या खुणा, ठरवून केलेल्या, समोरच्याला कळाव्यात म्हणून केलेल्या. आता त्याच वेळी गोमुखीच्या आतला हात बघ. आदल्या रात्री घरात काही वाजलं असेल तर मणी इतके भराभर सरकायचे की वरचं कापड हलताना दिसायचं. हे तिला आम्हाला सांगायचं नसायचं, उलट लपवायचंच असायचं, पण आम्ही पोरं ते कापड बघूनच सहलीचे पैसे मागायचं उद्यावर टाकायचो.

ही खूण नव्हे. ह्याला देहबोली म्हणायचं.

क्रियापद लावून बघितलंस तर फरक लगेच कळतो. खूण आपण 'करतो', इशारा 'करतो', पण 'त्यानं देहबोली केली' असं कोणी म्हणेल का? देहबोली दिसते, जाणवते. शब्द इंग्रजीवरून घडवलाय हे खरंच, पण देह आणि बोली हे दोन्ही आपल्या रोजच्या वापरातले, आणि जोडही छान बसलाय, तेव्हा मला तरी तो कोरडा वाटत नाही. न ठरवता, कधी मनाविरुद्धसुद्धा अंगातून जे बाहेर पडतं त्या सगळ्याला मिळून एक शब्द हवा होता, तो मिळाला.

'हावभाव' मात्र जपून वापर. ह्यातला हाव म्हणजे लोभ नाही. नाट्यशास्त्रात नायिकेच्या संदर्भात भाव, हाव आणि हेला अशा तीन पायऱ्या येतात, मनातलं जरासं उमटायला लागलं की भाव, ते डोळ्याभुवयांत दिसायला लागलं की हाव, आणि शृंगार उघडच झाला की हेला. तो नाटकाचा वास अजून शब्दाला आहे, म्हणून गॅदरिंगमधे मूल 'हावभावासहित' कविता म्हणतं आणि आपण टाळ्या वाजवतो, पण इंटरव्ह्यूला आलेल्या मुलाचे 'हावभाव चांगले होते' म्हटलं की तो ॲक्टिंग करत होता असं वाटायला लागतं.

गंमत अशी की न ठरवता होणाऱ्या गोष्टींची यादी नाट्यशास्त्रवाल्या भरतमुनींकडे आधीच आहे. अभिनयाचे आंगिक (अंगाचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेषभूषेचा) आणि सात्त्विक (मनातून उमटणारा) असे चार प्रकार, आणि सात्त्विकात आठ भाव: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. म्हणजे आपल्या भाषेत जागच्या जागी थिजणं, घाम फुटणं, अंगावर काटा येणं, आवाज कापरा होणं, हातपाय थरथरणं, चेहऱ्याचा रंग उडणं, डोळे भरून येणं आणि शुद्ध हरपणं. 'अष्टभाव दाटून आले' म्हणतो ते हेच आठ. तुझ्या पुस्तकातला घाबरलेला उमेदवार ह्यातल्या निम्म्यांत तरी सापडेल बघ.

'इशारा' मूळचा अरबी, आणि मराठीत तो आता बराचसा धोक्याच्या सूचनेकडे गेलाय. खडकवासल्यातून पाणी सोडायचं असलं की नदीकाठच्या लोकांना इशारा देतात. त्यामुळे 'इशारा केला' म्हणजे हातानं नाहीतर डोळ्यानं खुणावलं आणि 'इशारा दिला' म्हणजे बजावलं, हिंदीतून भाषांतर करणारे इथे हमखास घसरतात. 'खाणाखुणा'लाही दोन अर्थ, एक हातवाऱ्यांचा आणि दुसरा उरलेल्या ओळखीचा, जुन्या वाड्यांच्या खाणाखुणा म्हणतो तसा.

आता करपल्लवी. पल्लव म्हणजे कोवळी पालवी, करपल्लव म्हणजे पालवीसारखा नाजूक हात, आणि त्या हातानं बोलायचं ती करपल्लवी. ही अगदी पद्धतशीर लिपीच होती, नागाच्या फण्यासारखा हात केला की स्वर, कमळ केलं की क-वर्ग, चक्र फिरवलं की च-वर्ग, मग त्या वर्गातलं कितवं अक्षर ते बोटांनी दाखवायचं. प्रेमिकांनी वापरली असेल नसेल, पण मुळात ती गुप्त बोलायची युक्ती. डोळ्यांनी बोलणं ती नेत्रपल्लवी, ती मात्र खरंच प्रेमात जास्त चालते, आणि लक्ष्मी रोडला साड्या बघताना आई आणि मावशीत सुद्धा.

बाजारातही असं बोलणं होतं, त्याला 'हत्ता' म्हणतात. दलाल आणि व्यापारी एका रुमालाखाली हात धरायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे, शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपला माल कितीला गेला ते कळायचंच नाही, मला ह्याचा फार राग येतो. उघड लिलाव का हवा ते ह्यातूनच कळतं.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. पुस्तकात कुठे बहिऱ्या लोकांच्या साइन लँग्वेजचा उल्लेख आला तर तिला देहबोली म्हणू नकोस आणि हातवारे तर अजिबातच नको. ती स्वतःचं व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे, आपल्याकडे तिच्यासाठी २०१५ मधे दिल्लीत सरकारी संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र निघालंय. 'भारतीय सांकेतिक भाषा' असंच लिही.

तुझ्या पुस्तकापुरतं म्हणशील तर धड्याच्या नावात देहबोली ठेव, पण वाक्यात दरवेळी तो शब्द कोंबू नकोस. 'तुमची देहबोली आत्मविश्वासपूर्ण असावी' पेक्षा 'तुमच्या बसण्याबोलण्यात आत्मविश्वास दिसू दे' हे मुलांना पटकन कळेल. 'तो खोटं बोलतोय हे त्याच्या देहबोलीवरून समजले' असं आपण बोलतो का, आपण म्हणतो त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं. आणि तू पाठवलेल्या पानावर अंगठा वर केलेलं जे चित्र आहे ना, त्याच्याखाली 'अंगठा दाखवा' लिहिलंयस, ते आधी बदल. अंगठा दाखवणं म्हणजे आपल्याकडे ऐनवेळी काही न देता वाटेला लावणं, तिथे 'अंगठा वर करा' कर.