रोमन खापरांचा अभ्यास कुठून सुरू करावा?

इतिहासाची पदवी आहे, लॅटिन येत नाही, तर रोमन मातीच्या भांड्यांचा अभ्यास जमेल का, असं तुम्ही विचारलंय. नक्की जमेल. फक्त पुस्तकाआधी खापर हातात घ्या.

नक्षी आणि आकार सगळेच बघतात. तुम्ही आधी तुटलेली कड बघा. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. माती कसली, कुंभाराने तिच्यात काय मिसळलं, भट्टी किती तापली, हे सगळं त्या कडेवर दिसतं. नेपल्सकडच्या मद्याच्या अँफोरांमध्ये (अँफोरा म्हणजे मद्य-तेल वाहून नेण्याचा दोन कानांचा उंच रांजण) ज्वालामुखीच्या वाळूचे काळे चकाकते कण असतात. एकदा पाहिले की विसरत नाहीत.

कडेवर माझा इतका भर का? पश्चिम भारतात सापडलेली कितीतरी खापरं वर्षानुवर्षं ‘रोमन अँफोरा’ म्हणून नोंदली गेली होती. पुरातत्त्वज्ञ रॉबर्टा टॉम्बर यांनी ती पुन्हा तपासली, तेव्हा त्यातली बरीच मेसोपोटेमियाकडच्या बिनकानाच्या ‘टॉर्पेडो’ रांजणांची निघाली. त्या रांजणांना आतून डांबराचा थर असतो, तर रोमन मद्याच्या अँफोरांना राळेचा. दोन्ही काळेच. म्हणून आतला काळा रंग पाहून ठरवू नका, मातीवरून ठरवा. एका चुकीच्या नोंदीने व्यापाराचा अख्खा नकाशा बदलतो!

आकार त्यानंतर. काठ, बूड आणि कान बहुतेकदा प्रकार सांगतात, पोटाचा तुकडा क्वचितच. लाल चकचकीत भांड्यांसाठी ड्रॅगेनडॉर्फने आकारांना दिलेले क्रमांक (1895) आणि अँफोरांसाठी ड्रेसेलचा तक्ता (1899) आजही वापरात आहेत. काठाचं रेखाचित्र स्वतःच्या हाताने काढा, फोटोवर भागवू नका. चित्र काढताना नजर जिथे थांबते तिथे फोटो काढताना थांबत नाही.

खरी कसोटी अर्थ लावताना लागते. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पॉम्पेईत दक्षिण गॉलमधल्या (आजच्या दक्षिण फ्रान्समधल्या) नव्याकोऱ्या लाल वाडग्यांची पेटी सापडली. त्यात ड्रॅगेनडॉर्फ 29 हा जुना प्रकार आणि 37 हा नवा, दोन्ही एकत्र होते. म्हणजे एक प्रकार संपला आणि दुसरा सुरू झाला, अशी सरळ रेघ मारता येत नाही. शिवाय अशी भांडी बनवण्यात एकेकाळी इटलीतलं अरेझ्झो अग्रेसर होतं, तरी इटलीच्याच गावात माल गॉलचा! रोममधली माँते तेस्ताच्चो ही टेकडी तर मुख्यतः स्पेनहून आलेल्या तेलाच्या अँफोरांच्या खापरांचीच, सुमारे 35 मीटर उंच. त्यावरून रोमन लोक मद्य कमी पीत असं ठरत नाही. तिथे काय टाकलं गेलं, एवढंच ती सांगते. मोजणीतही तसंच: एक मोठी अँफोरा फुटली की शेकडो तुकडे होतात, म्हणून तुकडे मोजा आणि वजनही करा.

साउदॅम्प्टन विद्यापीठाने केलेला अँफोरांचा संग्रह ऑनलाइन फुकट पाहता येतो, मातीच्या फोटोंसकट. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व रीतसर शिकता येतं. लॅटिनचं म्हणाल, तर कुंभारांच्या शिक्क्यांवर बहुतेक नाव आणि ‘कारखाना’ अशा अर्थाचं एखादं संक्षिप्त अक्षर असतं. तेवढं आठवड्याभरात येतं.